अंगुस्ताना

नऊ वर्षं डंडीत काढून खडकीला परतले
तेव्हा इंग्रजी अगदी ताजं होतं.
विमानात शेजारणीला मी झोपेतही सॉरी म्हटलं होतं.
पहिले सहा महिने भाजीवालीलाही थँक्यू जायचं,
ती म्हणायची, राहू द्या सिस्टर,
कोथिंबीर तशीच दिलीय.

मग ते जायला लागलं.
पाणी जाताना नळ आधी खाकरतो,
नुसती हवा सोडतो,
मग दोन थेंब,
आणि आपण बादलीकडे बघत उभे, तसं.

आधी गेले ते इथं न लागणारे शब्द,
समुद्रावरून गावात शिरणाऱ्या धुक्याचं तिथलं नाव,
पावाच्या टोकाचं नाव.
मग दुखण्याचे गेले.
तिथं दुखणं एक ते दहा आकड्यांत सांगायचे.
आता रेंजहिल्सच्या दवाखान्यात मी अर्धा दिवस बसते,
बायका येतात, म्हणतात
चमक भरली, कळ गेली, ठसठसतंय,
काही नाही सिस्टर, नुसतं कसंतरी होतंय,
आणि मला सगळं कळतं.
ते दुसऱ्या कुठल्या भाषेत सांग म्हणून
कुणी माझ्यासाठी थांबलेलं नसतं.

वहिनी म्हणते, तिकडे काय मुक्यानं राहिलात?
भाच्याची, अमोसची, मुलाखत होती,
मावशी, तयारी घे म्हणाला.
मी जोरात सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्यात
"ते हे" म्हणाले.
त्यानं खाली बघितलं. गुणी आहे पोरगा.
पुढचं वाक्य त्यानंच मला सांगितलं,
अमेरिकन सिनेमातल्यासारखं.

त्याच्याच शर्टाचं बटण लावायला बसले
तेव्हा खणात, रबरबँडांच्या खाली,
मॉरागनं दिलेला अंगुस्ताना सापडला.
बाबा लष्कराचे गणवेश शिवायचे,
त्यामुळे अंगुस्ताना लगेच आला.
पण त्याच्या मागे जो दुसरा उभा असायचा,
तो नव्हता.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते
तशी मी जात राहिले.

मॉराग एक्याण्णव वर्षांची.
तिची तर जन्माची भाषा निघून चालली होती.
शिवणाचा डबा उघडून बोट दाखवायची,
कपाळाला आठ्या, ते... ते छोटं...
आणि मी, खडकीची रूथ साळवे, तिला शब्द द्यायचे.
टाळी वाजवायची ती. शाब्बास पोरी,
असं काहीतरी म्हणायची.
ती नेमकं काय म्हणायची
तेही आता राहिलेलं नाही.
निघताना तिनं हा माझ्या मुठीत कोंबला,
धाकटी बहीण समजून.

मोबाइलला विचारता आलं असतं.
नाही विचारलं.
तिला कुठे मोबाइलनं सांगितलं होतं?

डिसेंबरात तिच्या मुलीचा फोन आला.
आई गेली, झोपेतच.
मी तोंड उघडलं. सॉरी आलं,
तेच, विमानातलं.
अजून काहीतरी हवं होतं, मोठं,
मी धुंडाळत होते, पलीकडे पैसे जळत होते,
शेवटी तोंडातून गेलं,
अगं बाई गं.
ती म्हणाली, पार्डन?
मी पुन्हा तेच म्हटलं.
मग बराच वेळ दोघींनी फोन ठेवला नाही.

आज बोपोडीच्या सिग्नलला
रिक्षात, मांडीवर गोळ्यांची खोकी,
मेट्रोच्या खांबावरची जाहिरात वाचत होते,
दाताच्या डॉक्टरची,
आणि तो आला. उगाच. कुणी बोलावलेलं नसताना.
मी मोठ्यानं म्हटलं: थिंबल!

रिक्षावाल्यानं मान वळवली.
सिंबायोसिस? अहो मग आधी सांगायचं ना ताई,
उलटं आलो की आपण.

नाही हो, म्हटलं.
खडकी बाजार.
चर्चच्या अलीकडे थांबवा.